रकाना क्रमांक एक

सत्याचा शोध माणसाला मुक्त करतो, असं थोर लोक सांगत आले आहेत. सांगलीत 'वाणशोध' चाचणी सुरू झाली त्या पहिल्या महिन्यात नऊ साखरपुडे मोडले आणि एका मंगल कार्यालयात वराच्या सख्ख्या काकांना ताट-वाटी घरून आणायला सांगितली. मुक्त झाले ते एवढेच.

चाचणी सोपी होती. नळीत थुंकायचं. आपल्यातल्या दहापैकी नऊ जणांच्या अंगात एक विषाणू असतो, नागिणीच्या विषाणूचा चुलतभाऊ. लहानपणी कुणाच्या तरी थुंकीतून तो येतो, चार दिवस घसा धरतो आणि मग काही पांढऱ्या पेशींत शिरून जन्मभर गप्प बसतो. बहुतेकांना तो आपल्यात आहे हे मरेपर्यंत कळत नाही. फार थोड्यांच्या अंगात तो बोलायला लागतो. दुर्दैवानं पेशी त्याचं ऐकतात.

ही चाचणी एवढंच करायची, की तुमच्या विषाणूचा वाण वाचायची आणि तो कुणाकडून आला ते सांगायची. शास्त्रज्ञांनी हे उपचारासाठी शोधलं होतं, लोकांनी ते स्थळं बघायला वापरलं. ज्याच्याकडून दुसऱ्याला लागण झाली तो 'स्रोत', आणि स्रोताचं नाव एका सार्वजनिक यादीत चढायचं. यादी आरोग्यासाठी होती. लोक ती सकाळी निधनवार्तांच्याही आधी वाचत. लग्नात घास भरवणं बंद झालं. उष्टावणाला बाळाला खीर द्यायला निर्जंतुक नळी आली. मामानं नळीशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा आणि बाळाला लांबून हात हलवायचा.

सन २०४१च्या मार्च महिन्यात राजमती चौगुले मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टर मुजावरांसमोर बसली होती. राजमती एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघायची, अठ्ठावीस वर्षं. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. मुलगी सुव्रता सव्वीस वर्षांची, माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला. तिच्या मानेत, काखेत गाठी आल्या होत्या आणि दोन वेळा औषधं देऊनही त्या परत आल्या होत्या.

"लसिकाग्रंथींचा कर्करोग आहे," डॉक्टर म्हणाले, "आणि तो या विषाणूनं घडवलाय. समजावून सांगू का?"

"सांगा. पण मी आर्ट्सची आहे."

"पेशीच्या भिंतीला खिडक्या असतात, मॅडम. शरीराला पेशी वाढवायच्या असल्या की बाहेरून एक रसायन येतं, खिडकीवर बसतं. मग खिडकी आत निरोप धाडते. निरोप या टेबलावरून त्या टेबलावर करत केंद्रकापर्यंत जातो आणि पेशीची दोन शकलं होतात. म्हणजे दोन पेशी."

"म्हणजे आवक," राजमती म्हणाली.

"हां, आवकच. तर या विषाणूनं पेशीत स्वतःची एक खिडकी बसवली. दिसायला अगदी खऱ्यासारखी. पण तिच्यावर बाहेरून काही येऊन बसावं लागत नाही. ती आपली दिवसरात्र आत एकच निरोप पाठवत राहते. वाढ."

"आवक क्रमांक नसताना?"

"नसताना."

"आणि आतले लोक विचारत नाहीत, पत्र कुठाय म्हणून?"

"त्यांचं काम आलेला निरोप पुढं सरकवण्याचं. ते सरकवतात. शिवाय बिघडलेल्या पेशीनं आपणहून मरायचं असतं, तशी सोय निसर्गानं केलेली आहे. हा निरोप तीही फाइल दाबून ठेवतो."

राजमतीला आयुष्यात पहिल्यांदा वैद्यकशास्त्र संपूर्ण समजलं. असे तीन हेडक्लार्क तिनं पाहिले होते.

उपचार होता. प्रत्येक वाणाची ही बनावट खिडकी किंचित वेगळी असते. ज्याच्या शरीरानं तोच वाण वर्षानुवर्षं दाबून ठेवलाय, त्याच्या रक्तातल्या मारक पेशींना ती खिडकी तोंडपाठ असते. त्या पेशी काढायच्या, वाढवायच्या, रोग्याला द्यायच्या. त्या जाऊन नेमक्या खोट्या खिडकीच्या पेशी मारतात.

"वेळ किती आहे?" राजमतीनं विचारलं.

"दीड महिना. त्याच्या आत पेशी मिळायला हव्यात," असं म्हणून डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले. परिचारिकेनं राजमतीच्या हातात 'पेशी-दाता निश्चिती अर्ज' ठेवला. त्यावर दोन रकाने होते. रकाना एक: स्रोत-दाता. रकाना दोन: पेढीतील साठा.

राजमतीच्या टेबलावरून अठ्ठावीस वर्षांत एकही रकाना क्रम सोडून पुढं गेला नव्हता. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि एकपासून सुरुवात केली.

*

स्रोत कोण, याचं उत्तर चौगुल्यांच्या घरात सव्वीस वर्षं तयार होतं.

सुव्रता सहा महिन्यांची असताना तिचं उष्टावण झालं. राजमतीचा थोरला भाऊ भूपाल मगदूम जयसिंगपूरहून चांदीची वाटी-चमचा घेऊन आला होता. त्यानं चमच्यात खीर घेतली, बाळाच्या तोंडाशी नेली, आणि तेवढ्यात राजमतीची नणंद त्रिशला मोठ्यानं म्हणाली, "अहो, चाखलीत तुम्ही! बाळाला उष्टं देताय?" भूपाल म्हणाला, नाही चाखली. त्रिशला म्हणाली, मी डोळ्यांनी पाहिलं. राजमतीनं घाबरून नणंदेची बाजू घेतली आणि म्हणाली, "दादा, राहू दे. तू हो बाजूला." भूपाल बाजूला झाला तो पार जयसिंगपूरला. त्यानंतर बहीण-भाऊ बोलले नाहीत. राजमतीच्या नवऱ्याच्या दिवसांनाही त्यानं फक्त माणूस पाठवला.

त्रिशलाबाई आता एकसष्ट वर्षांच्या होत्या. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि राजमतीच्या वरच्याच मजल्यावर राहत होत्या. 'उष्टंमुक्त सांगली' अभियानाच्या त्या अध्यक्ष होत्या. रविवारी गल्लोगल्ली जाऊन लोकांकडून नळीत थुंकवून घेत. त्यांना स्वतःला थुंकायला कुणी सांगितलं नव्हतं. अध्यक्षांना कसं सांगणार?

"मी तेव्हाच बोलले होते," त्रिशलाबाई अर्ज वाचून म्हणाल्या. "लिही, भूपाल मगदूम. चष्मा हवाय का माझा?"

"वन्सं, नुसतं लिहून चालत नाही. दादाची थुंकी लागते. वर पेशी द्याव्या लागतात."

"देईल की! चोरी केलीय, भरपाई नको?"

कॉटवर पडलेली सुव्रता म्हणाली, "आत्या, त्यांना स्रोत म्हणून यादीत घातलं की त्यांच्या मुलीचं लग्न मोडेल. पुढच्या रविवारी साखरपुडा आहे म्हणे."

"मग आधी विचार करायचा होता."

"कधी? मी सहा महिन्यांची असताना?"

"तू बोलू नकोस, तुला थकवा येतो," त्रिशलाबाई म्हणाल्या. कुणी बरोबर बोललं की त्यांना समोरच्याच्या प्रकृतीची काळजी वाटायची.

*

भूपालचं जयसिंगपुरात मिरची कांडपाचं यंत्र होतं. राजमती आत गेली ती शिंकतच. आत चार बायका डबे घेऊन बसल्या होत्या. भूपालनं नाकावरचा रुमाल खाली केला आणि बहिणीकडे सव्वीस वर्षांनी पाहिलं.

"वाट चुकलीस व्हय?"

"दादा, सुव्रताचं..." तिला खोकल्याची उबळ आली.

"ऐकलंय. बस. डोळ्यास्नी हात लावू नको, आणखी झोंबंल."

ती बसली. तिनं सगळं सांगितलं. खिडक्या, निरोप, वाण, दीड महिना. शेजारच्या बाईनं आपला डबा हळूच लांब सरकवला.

"म्हंजे मी थुकायचं," भूपाल म्हणाला. "मग मी स्रोत निघायचं. मग माझं नाव यादीत. मग रविवारी पाव्हणं यायचं न्हाईत, आणि माझी पोरगी आयुष्यभर माझ्या नावानं बोटं मोडणार. आणि तुझी ती नणंद सगळ्या सांगलीला सांगत फिरणार, बघा, म्हटलं हुतं का न्हाई. असंच न्हवं?"

"असंच."

"आणि तू काय म्हणणार? दादा, तू हो बाजूला?"

राजमतीनं पदरानं नाक पुसलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरचीचं किती नि बाकीचं किती, ते तिलाही सांगता आलं नसतं आणि भूपालला विचारायचं नव्हतं. त्यानं यंत्र बंद केलं.

"येतो. पर माझी एक अट हाय. त्या दिवशी त्या खोलीत जी जी माणसं हुती आणि आज जित्ती हायत, ती सगळी थुकायची. मी, तू आणि ती बया. एकाच टेबलावर. एकाच टायमाला."

"वन्सं तयार होणार नाहीत."

"मग तिला म्हणावं, भ्यालीस."

*

हा निरोप पोचल्यावर त्रिशलाबाई अर्ध्या तासात तयार झाल्या. इस्त्रीची साडी, अभियानाचा बिल्ला. रुग्णालयाच्या नमुना कक्षात त्यांनी तिथल्या मुलीला नळी कशी धरावी ते शिकवलं आणि इतरांपेक्षा जास्त थुंकल्या.

अहवाल तिसऱ्या दिवशी आला. मुजावरांच्या केबिनमध्ये सगळे बसले. सुव्रताला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. भूपाल आणि त्रिशलाबाई दोन टोकांना, मध्ये राजमती, सरकारी खुर्चीत बसतात तशी अर्धी पुढं सरकून.

"श्रीमती राजमती," डॉक्टर वाचायला लागले. "विषाणू आहे, वाण वेगळा. म्हणजे सुव्रताला तुमच्याकडून नाही."

"ते मला माहीतच होतं," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"श्री. भूपाल मगदूम. विषाणू आढळला नाही."

राजमती वाकून अहवाल बघायला लागली.

"म्हणजे, वाण वेगळा?" राजमतीनं विचारलं.

"वाणच नाही. दहात एखादा असतो असा, त्यातले हे. यांना कधी लागणच झालेली नाही."

भूपालनं खिशातून रुमाल काढला, चेहरा पुसला, घडी केली, परत खिशात ठेवला. सव्वीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला घाई नसते. मग म्हणाला, "डॉक्टर, जरा मोठ्यानं वाचा की. तिकडं ऐकू गेलं नसंल."

"आणि श्रीमती त्रिशला," डॉक्टर म्हणाले. "वाण जुळतो. पूर्ण."

"शक्य नाही. यंत्र चुकलं."

"दोनदा केलंय, मॅडम."

"मग नळ्या बदलल्या. त्या मुलीला नळी धरताच येत नव्हती."

"तुमीच तर तिला शिकवलासा!" भूपाल म्हणाला.

सुव्रता मान खुर्चीला टेकवून आत्याकडे बघत होती. "आत्या, खीर कुणी चाखली होती?"

"कुणी नाही चाखली."

"आत्या."

त्रिशलाबाईंनी बिल्ला सरळ केला. "बघायला नको होतं का कुणी? स्वयंपाकघरात ती खीर तुझ्या आईनं केलेली होती. आदल्याच महिन्यात तिनं साखरेऐवजी मीठ घातलं होतं शिऱ्यात, पाहुण्यांसमोर! सहा महिन्यांच्या लेकराला मीठ गेलं असतं म्हणजे? मी एक चमचा बघितला. एकच. आणि तोच चमचा..."

"तोच परत वाटीत ठेवला," राजमती म्हणाली.

"पुसून!"

"वन्सं, तुम्ही माझ्या भावाला घराबाहेर काढलंत."

"मी? 'दादा, तू हो बाजूला' हे मी म्हणाले होते?"

हे वाक्य खोलीत दोघांना तोंडपाठ होतं. तिसऱ्याच्या तोंडून ते ऐकायची राजमतीला सवय नव्हती. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि वाहनतळाकडे बघत उभी राहिली.

डॉक्टर म्हणाले, "हे सगळं तुम्ही नंतर करा. त्रिशला मॅडम, पेशी द्याल का? स्रोत-दात्यानं सही केली की नाव यादीत जातं, नियमच आहे तो. पण मुलीकडे आता पाचच आठवडे आहेत."

त्रिशलाबाईंनी अर्जाकडे पाहिलं. दहा वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं त्या यादीत घातली होती. पानगल्लीतला एक म्हातारा, दोन सुना, स्वतःच्या शाळेची एक शिपाईण. त्या शिपाईणबाईला नंतर कुणी हळदी-कुंकवालाही बोलावलं नव्हतं आणि त्रिशलाबाईंनी ते योग्यच मानलं होतं.

"भीती वाटत असंल तर ऱ्हाऊ दे," भूपाल म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा! तुमच्यात द्यायला आहे काय? विषाणूनंसुद्धा तुम्हाला दारात उभं केलं नाही!" त्रिशलाबाईंनी पेन ओढून घेतलं. "राजमती, हे मी तुझ्यासाठी करत नाहीये. माझ्या भावाची मुलगी आहे ती. लक्षात ठेव." आणि सही केली, शाळेच्या दाखल्यावर करायच्या तशी, खाली दोन रेघा ओढून.

संध्याकाळी यादी लागली. रात्रीच्या जेवणाआधी अभियानाच्या उपाध्यक्षांचा फोन आला, की ताई, तुम्ही आता विश्रांती घ्या.

*

त्याच दुपारी, रुग्णालयाच्या वाहनतळावर भूपाल मोटारसायकलला किल्ली लावत होता तेव्हा राजमती खाली आली.

"दादा, मी चुकले."

"व्हय, चुकलीस."

"घरी येशील? जेवायला?"

"न्हाई." त्यानं अहवाल तीन घड्या करून शर्टाच्या आत ठेवला. "लॅमिनेट करून घेतो. रविवारी पाव्हण्यांना दावायचाय. शंभर टक्के कोरा माणूस. असला सासरा मिळणार न्हाई त्यांना." मग दुसरीकडे बघत म्हणाला, "एक सांगू? चाखली हुती मी."

"काय?"

"खीर. गरम हाय का बघाया ओठाला लावली. तिनं बघितलं ते खरं हाय. तिच्या उष्ट्या चमच्यानं मीच आधी खाल्लं, आणि मला कायबी झालं न्हाई. पोरीला झालं." त्यानं गाडी सुरू केली. "तिला सांगू नको. सव्वीस वर्षं खरी हुती ती, एवढं तिला कळाया नको."

*

चौथ्या दिवशी त्रिशलाबाईंचं रक्त घेतलं. सातव्या दिवशी पेशी प्रयोगशाळेत वाढेनात. अकराव्या दिवशी कारण कळलं. त्रिशलाबाई सांधेदुखीसाठी तीन वर्षं एक गोळी घेत होत्या. ती गोळी नेमक्या त्याच मारक पेशींना झोपवते. अर्जात 'सध्या चालू औषधे' यापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं होतं, कारण आपल्याला संधिवात आहे हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ही गोळी बंद करून सहा महिने थांबलं तर?" राजमतीनं विचारलं.

डॉक्टरांनी सुव्रताच्या कॉटकडे पाहिलं. सुव्रता त्या दिवशी पाणीसुद्धा गिळू शकत नव्हती. तिनं आईचा हात धरला आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "आत्याला ओरडू नको. ती वरच्या मजल्यावर एकटीच आहे. तिच्या घरची मोलकरीणसुद्धा येईना झालीय."

"ओरडत नाही," राजमती म्हणाली. ती खरंच ओरडली नाही. ती घरी येऊन वर गेली, त्रिशलाबाईंच्या दारात उभी राहिली आणि ओरडण्यापेक्षा वाईट असं काहीतरी अगदी हळू आवाजात बोलली. त्रिशलाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्या दोघी जिन्यात भेटल्या तरी एकमेकींना वाट देऊन, भिंतीकडे बघत जात.

दुसऱ्या दिवशी राजमती अर्ज घेऊन नमुना कक्षात गेली. रकाना एकवर तिनं सरळ रेघ मारली, शेजारी 'अयोग्य' लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग रकाना दोनमध्ये लिहिलं: पेढीतील साठा पाहावा.

टेबलावरच्या मुलीनं सुव्रताचा वाण यंत्रात घातला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"आहे की, मॅडम. चांगला जुळतोय. सातारा जिल्ह्यातला कुणी दाता आहे, नाव आम्हाला कळत नाही. उद्याच देता येईल."

राजमती टेबलाला धरून उभी राहिली. "मग हे आधी का नाही पाहिलं?"

"तुम्ही एक भरला होता ना." मुलीनं अर्ज तिच्याकडे वळवला. वरच्या ओळीत बारीक अक्षरात छापलं होतं, की खालीलपैकी कोणताही एक रकाना भरावा. "बरेच लोक थेट दोनच भरतात. घरात भांडणं नको म्हणून."

सुव्रताला दुसऱ्या दिवशी पेशी दिल्या. दोन महिन्यांत गाठी गेल्या. भूपालच्या मुलीचा साखरपुडा ठरल्या दिवशी झाला, राजमतीला आमंत्रण नव्हतं. त्रिशलाबाईंचं नाव यादीत राहिलं, यादीतून नाव काढायचा अर्ज अजून छापलेला नाही.

सातारच्या माणसाच्या पेशींची बाटली नमुना कक्षाच्या बरोबर खाली, तळघरातल्या फ्रीजरमध्ये, डाव्या कप्प्यात होती. ती तिथं दोन वर्षांपासून होती.